रंग नव्हे, रीत : मुलाम्याचे नाणे आणि टांकसाळीची चूक

चलनात फिरणाऱ्या नाण्यांत अधूनमधून एखादे नाणे असे निघते, की त्याचा रंग, आकार किंवा त्यावरील ठसा नेहमीपेक्षा वेगळा दिसतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात सुट्या पैशांचा व्यवहार अजून टिकून आहे. लोकलच्या जवळच्या प्रवासाचे पाच रुपयांचे तिकीट, शेअर रिक्षाचे भाडे, जांभळी नाक्यावरील भाजीबाजार, कोपिनेश्वरापासून टिटवाळ्याच्या गणपतीपर्यंतच्या देवळांतील दानपेट्या यांतून नाणी सतत हात बदलत राहतात. त्यामुळे तांब्याच्या रंगाचा एक रुपया, चांदीसारखा पांढरा पाच रुपया किंवा सोनेरी झळाळीचे दोन रुपयांचे नाणे गल्ल्यात दिसणे इथे अगदीच दुर्मीळ नाही. असे नाणे हाती आले, की ते टांकसाळीच्या चुकीतून जन्मलेले आणि म्हणून मौल्यवान असावे, अशी समजूत चटकन होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते टांकसाळीतून अगदी निर्दोष बाहेर पडलेले आणि पुढे कोणीतरी, किंवा कशानेतरी, बदललेले नाणे असते.

हे दोन प्रकार वेगळे ओळखण्याचे सूत्र एकच आहे. टांकसाळीतील प्रत्येक चूक ही नाणे घडण्याच्या एखाद्या ठरावीक टप्प्यावर होते आणि त्या टप्प्याची खूण नाण्यावर उमटते. जो वेगळेपणा घडणीच्या कोणत्याच टप्प्याशी जोडता येत नाही, तो नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतर आलेला असतो. म्हणून नाण्याच्या रंगाकडे पाहण्यापूर्वी ते कसे तयार होते हे समजून घेणे आवश्यक ठरते.

भारतात नाणी पाडण्याचे काम भारत प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या सरकारी कंपनीच्या मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील चार टांकसाळींत चालते. यांपैकी १८२९ साली उभी राहिलेली मुंबईची टांकसाळ फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेसमोर आहे, म्हणजे कल्याणहून निघालेली लोकल जिथे थांबते त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. धातूचा जाड पत्रा लाटून ठरलेल्या जाडीचा केला जातो आणि त्यातून छेदक यंत्राने गोल चकत्या कापल्या जातात. या कोऱ्या चकत्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात, दाबून त्यांच्या कडेला किंचित उठाव दिला जातो, धुऊन उजळ केल्या जातात आणि मग छापयंत्रात जातात. तिथे चकती एका पोलादी कड्यात, म्हणजे कॉलरमध्ये, बसते आणि वरचा व खालचा असे दोन ठसे तिच्यावर एकाच वेळी प्रचंड दाबाने आदळतात; दाबाखाली धातू पसरतो, कड्याला भिडतो आणि नाण्याचा व्यास व कडेवरील दाते याच क्षणी ठरतात. पोलादी नाण्यांच्या चकत्या नेहमी टांकसाळीतच कापल्या जातात असेही नाही. तमिळनाडूतील सेलम येथील पोलाद कारखान्याने अशा तयार चकत्या पुरवलेल्या आहेत.

चुका या साखळीतच होतात. पत्र्यातून चकती कापताना छेदक आधीच कापलेल्या भोकावर अंशतः पडला, तर चकतीला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. अशा नाण्यात एक सूक्ष्म गोष्ट पाहण्यासारखी असते : तुटलेल्या भागाच्या बरोबर समोरच्या बाजूची कड कमजोर, बसकी दिसते, कारण कडेला उठाव देणाऱ्या यंत्रात चकतीवर समोरासमोरून दाब पडतो आणि एका बाजूला धातूच नसल्याने दुसऱ्या बाजूलाही तो दाब मिळत नाही. कानसीने किंवा कातरीने नंतर कापलेल्या नाण्यात समोरची कड शाबूत असते. नाण्यांतील लबाडी ओळखण्याच्या सगळ्या कसोट्यांत ही कसोटी विशेष भरवशाची आहे, कारण कापणाऱ्याला ती सहसा ठाऊकच नसते.

चकती कड्यात नीट बसली नाही तर ठसा एका बाजूला सरकतो आणि नाण्याचा काही भाग कोरा राहतो. कडे वर आलेच नाही तर धातू मोकळा पसरतो. नाणे नेहमीपेक्षा रुंद, बिनदात्याचे आणि पातळ कडेचे होते, मात्र मधील अक्षरे व आकडे आपल्या मूळ मापात आणि ठसठशीत राहतात. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्या नाण्याच्या एका बाजूची आरशातल्यासारखी उलटी आणि खोलगट प्रतिमा उमटते. ठशाला तडा गेला असेल तर ती रेघ नाण्यावर उठावाच्या रूपात दिसते, कारण ठशातील खोलगट फटीत धातू शिरतो; नाण्यावर नंतर ओढलेला ओरखडा मात्र नेहमी खोलगट असतो. ठशात तेल-मळी साचली तर एखादे अक्षर पुसट किंवा नाहीसे होते. यांतील शेवटचे दोन दोष वरचेवर आढळतात आणि त्यांना संग्राहकांच्या बाजारात फारशी किंमत नसते.

रंगाचा प्रश्न या साखळीत फक्त एकाच ठिकाणी येतो : चकतीच चुकीच्या धातूची असेल तेव्हा. एका नाण्यासाठी कापलेली चकती दुसऱ्या नाण्याच्या छापयंत्रात गेली, तर वेगळ्या धातूवर वेगळा ठसा उमटतो. परंतु अशा चकतीलाही स्वतःचे निश्चित वजन आणि व्यास असतो, आणि तो टांकसाळीत त्या काळी वापरात असलेल्या कोणत्या तरी नाण्याशी जुळावा लागतो. म्हणून वेगळ्या रंगाच्या नाण्याचा विचार करताना चलनातील नाण्यांची मापे माहीत असणे उपयोगी पडते. २०११ पासून निघालेल्या, रुपयाचे चिन्ह असलेल्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे आणि ३.७९ ग्रॅम वजनाचे, तर दोन रुपयांचे २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचे असून दोन्ही गंज न धरणाऱ्या फेरिटिक पोलादाची, म्हणजे लोखंडात सुमारे १७ टक्के क्रोमियम असलेल्या मिश्रधातूची, आहेत. हे पोलाद लोहचुंबकाला घट्ट चिकटते. याच मालिकेतील पाच रुपयांचे पिवळसर नाणे २३ मिलिमीटर व ६ ग्रॅमचे असून ते ७५ टक्के तांबे, २० टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल यांच्या मिश्रणाचे, अर्थात निकेल-पितळेचे, आहे आणि ते चुंबकाला दाद देत नाही.

पाच रुपयांच्या नाण्याबाबत वर्ष पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नये. १९९२ पासून निघालेले जाड, ९ ग्रॅमचे नाणे तांबे व निकेल यांच्या पांढऱ्या मिश्रधातूचे होते. २००७ च्या सुमारास पोलादाचे ६ ग्रॅमचे पांढरे नाणे निघाले. पिवळे निकेल-पितळ २००९ पासून आले. म्हणजे २००७ चा पांढरा पाच रुपया ही चूक नव्हे, मुलामाही नव्हे, तो त्या वर्षीचा नित्याचा पाच रुपया आहे. याउलट २०११ नंतरचे पांढरे पाच रुपयांचे नाणे जर २३ मिलिमीटरचे, ६ ग्रॅमचे आणि चुंबकाला न चिकटणारे असेल, तर ते पितळेच्या नाण्यावर निकेल किंवा चांदी चढवून केलेले आहे. खऱ्या चुकीने ते एक रुपयाच्या पोलादी चकतीवर छापले गेले असते, तर त्याचे वजन ६ ऐवजी ३.७९ ग्रॅमच्या आसपास भरले असते, ते नेहमीच्या नाण्यापेक्षा पातळ झाले असते आणि चुंबकाने ते उचलले असते. त्याचप्रमाणे दोन रुपयांचा ठसा एक रुपयाच्या चकतीवर पडला, तर २५ मिलिमीटरच्या ठशाला २२ मिलिमीटरचा धातू पुरत नाही आणि कडेजवळची अक्षरे अर्धवट कापली जातात.

मुलामा म्हणजे एका धातूच्या वस्तूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर. पितळेच्या भांड्याला कल्हई केल्यावर ते आतून पांढरे दिसते, पण भांडे पितळेचेच राहते. नाण्याचेही तसेच होते. शाळेच्या प्रयोगात मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की त्यावर तांब्याचा लालसर थर बसतो, कारण लोखंड द्रावणातील तांब्याला बाहेर काढून स्वतः त्याची जागा घेते. पोलादी नाण्यावर मात्र क्रोमियमच्या ऑक्साइडचे न दिसणारे कवच असते, त्यामुळे नुसते बुडवून त्यावर चांगला थर धरत नाही. त्यासाठी आम्लाने पृष्ठभाग जागा करून आणि वीजप्रवाह देऊन धातू चढवावा लागतो. ही पूर्वतयारी नीट झाली नसेल तर थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचा पांढरा धातू उघडा पडतो. विद्युत विलेपन हे औद्योगिक वसाहतींतील रोजचेच काम असल्याने नाण्याला सोनेरी, चांदीसारखा किंवा तांबूस रंग देणे अवघड नाही, आणि शोभेच्या, भेटीच्या वा पूजेच्या वस्तू म्हणून अशी नाणी तयार होतात. त्यांतली काही पुढे खर्चली जातात आणि गल्ल्यात येऊन पडतात.

थर चढवताना तो सगळीकडे सारखा बसत नाही. विद्युत विलेपनात उंचवट्यांवर आणि कडेवर धातू जास्त साचतो, खोलगट जागी कमी. त्यामुळे मुलाम्याच्या नाण्यावर अक्षरांच्या धारा किंचित गोलावलेल्या, मऊ दिसतात. चलनात काही काळ फिरल्यावर उंच भागावरचा थर आधी झिजतो आणि सिंहाच्या माथ्यावर, अंकाच्या पाठीवर व कडेच्या दात्यांवर मूळ रंग डोकावतो, तर अक्षरांच्या आतील खोबणीत चढवलेला रंग टिकून राहतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ही झीज स्पष्ट दिसते. खऱ्या वेगळ्या धातूच्या नाण्यात झिजलेल्या जागेचा रंगही बाकीच्या नाण्यासारखाच असतो, कारण तो धातू आरपार तसाच असतो.

वजनाने मुलामा पकडता येतो, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. एक रुपयाच्या नाण्याचा सर्व बाजूंचा पृष्ठभाग सुमारे साडेआठ चौरस सेंटिमीटर भरतो. त्यावर मिलिमीटरचा शंभरावा भाग इतक्या जाडीचा तांब्याचा थर दिला, तरी वजन जेमतेम ०.०७ ते ०.०८ ग्रॅमने वाढते. टांकसाळीतून निघणाऱ्या दोन अस्सल नाण्यांतही थोडा फरक असतोच, त्यामुळे सोनाराचा काटासुद्धा इथे निर्णायक ठरत नाही. काट्याचा खरा उपयोग चुकीची चकती ओळखण्यासाठी आहे, आणि मुलाम्यासाठी चुंबक अधिक कामाचा. तांबूस रंगाचे एक रुपयाचे नाणे चुंबकाला झटकन चिकटले, तर आतला गाभा पोलादाचा आहे आणि तांबे फक्त वर आहे, हे तिथेच सिद्ध होते. एक सावधगिरी मात्र हवी : निकेल स्वतः चुंबकाकडे ओढले जाते, म्हणून पितळेच्या पाच रुपयांवर निकेलचा जाडसा थर असेल तर जोरदार छोट्या चुंबकाला ते नाणे हलकासा प्रतिसाद देऊ शकते. पोलादाची ओढ आणि ही नाममात्र ओढ यांतला फरक शेजारी साधे एक रुपयाचे नाणे ठेवून पाहिल्यास लगेच कळतो.

या कसोटीचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे आहे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची बचत करण्यासाठी १९४३ साली तिथे एक सेंटचे नाणे जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे काढले गेले. आधीच्या वर्षीच्या उरलेल्या काशाच्या मोजक्या चकत्या त्यात मिसळल्या आणि त्यांवर १९४३ चा ठसा पडला. ही खरी चूक असल्याने त्या नाण्यांना प्रचंड किंमत आली, आणि मग पोलादी सेंटवर तांबे चढवून फसवणूक करणाऱ्यांचे पीक आले. काशाचे नाणे ३.११ ग्रॅमचे आणि चुंबकाला न चिकटणारे, पोलादी २.७० ग्रॅमचे आणि चिकटणारे, एवढ्या दोन गोष्टींनी बहुतेक दावे निकालात निघतात.

मुलामा आणि चूक यांच्याबरोबर एक तिसरा गट ध्यानात घ्यावा लागतो, आणि खाडी-नदीच्या काठच्या या परिसरात तो विशेष महत्त्वाचा आहे. त्यात माणसाचा हेतू नसतो. पाणी, माती किंवा आग नाण्याचा रंग बदलते. ठाण्याची खाडी किंवा उल्हास नदी ओलांडताना पाण्यात नाणे सोडण्याची श्रद्धा जुनी आहे. खाऱ्या चिखलात पडून राहिलेल्या निकेल-पितळेच्या पाच रुपयांतून जस्त हळूहळू विरघळून जाते आणि पृष्ठभागावर सच्छिद्र तांबे उरते. असे नाणे पुन्हा वर आले की ते गुलाबी-तांबूस दिसते आणि तांब्याच्या चकतीवर छापले गेल्याचा भास होतो. भिंगातून पाहिल्यास त्याचा पृष्ठभाग खडबडीत, बारीक छिद्रांचा आणि निस्तेज आढळतो. टांकसाळीची मूळ चमक त्यावर कुठेच शिल्लक नसते. घाटांवर दोरीला चुंबक बांधून नाणी काढणाऱ्यांच्या हाती फक्त पोलादी नाणी लागतात, पिवळी पाच रुपयांची नाणी चिखलातच राहतात, आणि गाळ उपसला जातो तेव्हाच ती बाहेर येतात.

आगीचा परिणाम याहून फसवा असतो. क्रोमियमयुक्त पोलाद हवेत तापले की वरचे ऑक्साइडचे कवच जाड होत जाते आणि त्या जाडीनुसार प्रकाशाचे रंग दिसतात : प्रथम फिकट सोनेरी, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. कचऱ्याच्या आगीत, होळीत किंवा निरांजनाच्या ज्योतीजवळ सापडलेले एक रुपयाचे नाणे म्हणूनच सोनेरी होऊ शकते, आणि त्यावर सोन्याचा कणही नसतो. रंगाच्या छटा एका बाजूकडून दुसरीकडे बदलत जातात, हे त्याचे ठळक लक्षण.

आकार बदललेल्या नाण्यांचेही असेच आहे. रेल्वेमार्गाच्या कडेने वाढलेल्या या शहरांत रुळावर नाणे ठेवून चपटे करण्याचा मुलांचा धोकादायक आणि बेकायदा खेळ अपरिचित नाही. चाकाखाली सापडलेल्या नाण्यात अक्षरेही धातूबरोबर ताणली जातात, लांबट व पुसट होतात आणि दोन्ही बाजू सारख्याच सपाट होतात. कड्याविना छापलेल्या अस्सल नाण्यात मधली अक्षरे मूळ मापात राहतात, हे वर आलेच आहे. दोन नाणी शेगड्यात, म्हणजे लोखंडी व्हाइसमध्ये, एकमेकांवर दाबून उलटी प्रतिमा उमटवली जाते तेव्हा ज्या बाजूने शेगड्याचे जबडे लागले त्या बाजूची नक्षी चेपलेली असते, शिवाय दाबलेल्या नाण्याची कड आणि त्यावरचे डागही छापात उतरतात. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधली चकती काढून पुन्हा बसवली असेल, तर सांध्यावरून जाणारी नक्षी दोन्ही भागांत तंतोतंत जुळत नाही. अस्सल नाण्यात गाभा आणि बाहेरचे कडे एकाच आघाताने एकत्र दाबले गेलेले असतात.

काही वेगळेपण ना चुकीचे असते ना बदलाचे. वर्षाखालील छोटा चौकोनी हिरा ही मुंबई टांकसाळीची, ठिपका नोएडाची आणि चांदणी हैदराबादची खूण आहे. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते, आणि ती नसणे म्हणजे ठसा अपुरा पडणे नव्हे. १९८५ च्या काही रुपयांवर दिसणारे रोमन लिपीतील ‘एच’ हे अक्षर ती नाणी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडल्याचे सांगते. दहा रुपयांच्या नाण्याच्या निरनिराळ्या नक्षीमुळे ती नकली असल्याची अफवा पसरली आणि ठिकठिकाणी ती नाकारली जाऊ लागली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी तोवर निघालेल्या सर्व १४ नक्षींची नाणी वैध असल्याचे जाहीर केले. दुसरीकडे, रामदरबाराची किंवा हनुमंताची प्रतिमा आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी अक्षरे असलेले तांब्याचे वा मुलाम्याचे जे तुकडे मोठ्या किमतीला खपवले जातात, ती कंपनीने कधीच काढलेली नाणी नाहीत. ते फार तर धार्मिक टोकन आहेत. त्यांना चमत्कारी शक्ती चिकटवून होणारी फसवणूक महाराष्ट्रात अनेक कुटुंबांना महागात पडली आहे, आणि म्हणून याबाबत स्पष्ट बोलणे गरजेचे आहे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे आणि चलनाखेरीज अन्य कामासाठी वापरणे यांस मनाई असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाणे कापणे, कानसणे, त्यावर शिक्का मारणे किंवा त्याचा पृष्ठभाग वा आकार नेहमीच्या झिजेपलीकडे बदलणे म्हणजे ते विद्रूप करणे, अशी व्याख्या याच कायद्यात आहे, आणि विद्रूप झालेले नाणे वैध चलन राहत नाही. म्हणजे सोनेरी मुलाम्याचा एक रुपया शोभेसाठी विकत घेणाऱ्याने शंभर रुपये मोजले, तरी दुकानदाराने तो एक रुपया म्हणूनही नाकारला तर तक्रारीला जागा उरत नाही.

‘जुने नाणे द्या, लाखो रुपये मिळवा’ अशा जाहिरातींतून आधी नोंदणी शुल्क किंवा कर मागून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आपण अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा दलाली घेत नाही, असे बँकेने त्यात सांगितले. खऱ्या चुकीच्या नाण्याला किंमत मिळते ती त्या चुकीचे कारण सांगता आले तरच. त्यासाठी नाण्याचे वर्ष, टांकसाळीची खूण, दोन दशांशांपर्यंत वजन, व्यास, चुंबकाचा प्रतिसाद आणि दोन्ही बाजूंसह कडेची छायाचित्रे अशी नोंद ठेवून ती जाणकार संग्राहकाला दाखवावी. तोवर नाण्याला चिंच, लिंबू किंवा भांडी उजळण्याची पूड अजिबात लावू नये. घासल्याने मुलाम्याची झीज, आगीच्या छटा आणि ठशाची मूळ चमक या तिन्ही खुणा एकदमच पुसल्या जातात, आणि नाणे अस्सल चुकीचे असले तरी ते सिद्ध करण्याचे साधन हातात राहत नाही.